साप चावला तर आधी गाडी काढा. दुआ वाटेत करता येते

पहाटे तीन-साडेतीनच्या सुमारास मूल उठतं आणि म्हणतं, "अम्मी, पोटात दुखतंय." रात्री काय खाल्लं होतं ते आठवून आपण ओवा देतो, पोटावर तेल चोळतो, परत झोपवतो. थोड्या वेळाने ते घसा दुखतो म्हणतं, पाणी गिळता येत नाही. फज्रच्या वेळेला बघावं तर पापण्या अर्ध्या मिटलेल्या. हाक मारली तर डोळे उघडत नाहीत. आपल्याला वाटतं, झोप पुरी झाली नाही. अंगावर जखम नाही, सूज नाही, रक्ताचा थेंब नाही. घरात साप कुणी पाहिलेला नाही. मग सर्पदंश डोक्यात येणार कसा?

पण मण्यार चावल्याची लक्षणं नेमकी हीच असतात. मण्यार हा रात्री फिरणारा साप. उंदीर, पाली आणि दुसरे साप शोधत तो घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाचा धक्का लागला की चावतो. त्याचे दात इतके बारीक, की मुंगी किंवा डास चावल्यासारखं वाटतं. कधी कधी झोपसुद्धा मोडत नाही. विष मात्र नागापेक्षाही जहाल. ते नसांवर काम करतं. आधी पापण्या जड होतात, मग जीभ, मग घसा आणि शेवटी छातीचे स्नायू थांबतात. म्हणून पावसाळ्यात, जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे अचानक पोटदुखी, घसादुखी सुरू झाली आणि पापण्या उचलता येईनाशा झाल्या, तर जखम शोधत बसू नका. दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगा, "जमिनीवर झोपला होता, साप चावला असेल का बघा."

एवढी एक गोष्ट वाचून कुणी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी बाकीचं सांगते.

आपल्या भागातले चार साप

कृष्णा, वारणा आणि कोयनेच्या काठचा आपला सगळा पट्टा उसाचा. उसात पाला, पाल्यात उंदीर आणि उंदरामागे साप. वाळवा, शिराळा, पलूस, कराड इकडे शेतात काम करणाऱ्याला हे सांगायला नको. शिराळ्याचं तर नावच नागासाठी. नागपंचमीला तिथे जिवंत नाग पकडून मिरवायची प्रथा होती, ती १९७२ च्या वन्यजीव कायद्यावर बोट ठेवून मुंबई उच्च न्यायालयाने थांबवली. एवढी सापांची ओळख असलेला आपला मुलुख, पण साप चावल्यावर काय करायचं हे विचारलं की वर्गातली मुलं अजूनही "वर घट्ट दोरी बांधायची" असंच म्हणतात. सिनेमात तेच बघितलेलं असतं.

जीव घेणारे साप आपल्याकडे मुख्यतः चार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. नाग आणि मण्यार यांचं विष नसांवर जातं, श्वास बंद करतं. नाग चावला की जागेवर दुखतं आणि सूजही येते, मण्यारीचं तसं नाही. घोणस आणि फुरसं यांचं विष रक्तावर जातं. चावलेला भाग भराभर सुजतो, फोड येतात, रक्त गोठायचं थांबतं, हिरड्यांतून आणि लघवीतून रक्त येऊ शकतं. घोणशीने मूत्रपिंडंही निकामी होतात, मग डायलिसिसची वेळ येते. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार करते, अंगावर साखळीसारखे गोल ठिपके असतात, आणि ती हलत नाही. पाल्यात पडून राहते. ऊस तोडणाऱ्याचा हात किंवा पाय तिच्यावर पडतो. फुरसं लहान, वीतभर किंवा जरा मोठं. कोकणात जास्त, पण आपल्या कोरड्या माळरानावर, दगडांखालीही सापडतं.

आता एक दिलासा. आपल्या देशात बनणारं सर्पविषावरचं औषध, ज्याला आपण सर्रास "सापाची लस" म्हणतो, ते या चारही सापांवर एकच आहे. (खरं म्हणजे ती लस नव्हे. लस आजाराच्या आधी देतात, हे औषध चावल्यावर द्यायचं असतं. त्यामुळे "माझ्या मुलाला आधीच टोचून ठेवा" असं कुणी म्हणू नये.) घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तातून हे औषध तयार करतात. त्यासाठी लागणारं विष बरंचसं तामिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतं. ही संस्था १९७८ पासून चालू आहे. मुंबईच्या परळची हाफकिन संस्था १८९९ मध्ये प्लेगच्या संशोधनासाठी सुरू झाली, आणि आज त्याच नावाचं सरकारी महामंडळ हे औषध बनवतं. औषध एकच असल्यामुळे डॉक्टरांना साप आणून दाखवायची गरज नाही. साप मारायला काठी घेऊन पळणारा माणूस दोन नुकसानं करतो. एक तर वेळ जातो, आणि दुसरं म्हणजे सापाने त्यालाही चावलं की एका गाडीत दोन पेशंट. मेलेल्या सापाच्या तोंडाशीही हात नेऊ नये, तुटलेलं डोकंही काही वेळ चावू शकतं. लांबून मोबाइलवर फोटो मिळाला तर ठीक, नाही मिळाला तर सोडून द्या.

उतारा देणाऱ्याचे १०० पैकी ८५ मार्क

आता नाजूक विषयाकडे येते. साप चावला की आपल्याकडे पहिला फोन कुणाला जातो? १०८ ला जात नाही. तो जातो पलीकडच्या गावातल्या "विष उतरवणाऱ्या" माणसाला. तो कधी मांत्रिक असतो, कधी एखादे बाबा, कधी आपल्याच मोहल्ल्यातला दम करणारा. कुठे लिंबाचा पाला चाखायला देतात, कडू लागला नाही तर विष चढलं म्हणतात. कुठे कोंबड्यांची पिल्लं जखमेला लावतात. आपल्या घरांमध्ये जहरमोहरा ठेवलेला असतो, आजोबांनी कुठून तरी आणलेला. तो दगड जखमेला चिकटतो आणि विष ओढून घेतो असं मानतात. दगड चिकटतो, कारण तो सच्छिद्र असतो आणि ओल शोषतो. पण विष तोवर अंगात पुढे गेलेलं असतं, ते दगडाने परत येत नाही.

लोक म्हणतात, "मॅडम, पण माणसं बरी होतात ना, आम्ही डोळ्यांनी बघितलंय." बरी होतात, हे खरंच आहे. मी त्यांना गणित घालते. सर्पदंशावरच्या राष्ट्रीय उपचारपद्धतीत असं धरलं आहे, की १०० दंशांपैकी साधारण ७० बिनविषारी सापांचे असतात. धामण, दिवड, कवड्या असे. उरले ३०. विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडत नाही, निम्म्या वेळा दात नुसते लागतात. म्हणजे उरले १५. आता उतारा देणाऱ्याने काहीही केलं नाही, नुसतं समोर बसवून ठेवलं, तरी १०० पैकी ८५ जण आपल्या पायांनी घरी जाणार. परीक्षेत एक ओळ न लिहिता ८५ मार्क! गावात कीर्ती याच ८५ लोकांमुळे होते. राहिलेल्या १५ जणांबद्दल "आणायला उशीर केला" किंवा "त्याची वेळच भरली होती" असं बोललं जातं.

आपला माणूस ८५ मधला आहे की १५ मधला, हे घरी बसून कळत नाही. दवाखान्यात कळतं. काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही, तर घोणस किंवा फुरशाचं विष आहे. इतकी साधी तपासणी आहे ही, गावच्या आरोग्य केंद्रातही होते. नसांवरच्या विषासाठी डॉक्टर पापण्या, मान, श्वास बघत राहतात. आणि काही झालेलं दिसत नसलं तरी किमान २४ तास ठेवून घेतात. कुणी धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन "जा घरी" म्हणालं, तर जाऊ नका. एवढा हट्ट आपण धरायचा.

दीनचं काय?

काही भावा-बहिणींना वाटतं, दवाखान्याची घाई करणं म्हणजे तवक्कुल कमी पडणं. विंचू किंवा साप चावलेल्यावर सहाबांनी सूरह फातिहा पढून दम केल्याची हदीस आहे, ती आपल्याला माहीत असते. ती आहेच, बुखारी शरीफमध्ये आहे. पण त्याच रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी आजारावर इलाज करायला सांगितलं, उंट आधी बांधायचा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवायचा हेही शिकवलं. दुआसाठी वेगळी जागा किंवा वेगळा वेळ लागत नाही. शिराळ्याहून मिरजेला जाताना, पाटणहून कराडला जाताना गाडीत बसून पूर्ण रस्ता पढता येतं. पेशंटचा धीर टिकवायला त्याचा फायदाच होतो, कारण घाबरून माणूस धावपळ करतो आणि विष लवकर पसरतं. माझं म्हणणं एवढंच, की दम करायला गाडी थांबवू नका आणि गाडीचं तोंड दुसरीकडे वळवू नका.

मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांना एक विनंती. तुमच्याकडे कुणी असा पेशंट घेऊन आला, तर दाराशीच सांगा, "मी सोबत येतो, गाडीत बसा." तुमच्या या एका वाक्याचं वजन आमच्या दहा लेखांपेक्षा जास्त आहे.

चावल्यानंतरचा पहिला तास

पेशंटला आडवं करा आणि "काही होणार नाही, आपण निघालोय" असं सांगत राहा. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. हाड मोडल्यावर जशी फळी बांधतात तशी काठी, पट्टी किंवा जाड पुठ्ठा लावून ओढणीने सैलसर बांधा. सैल म्हणजे किती? खालून बोट सहज गेलं पाहिजे. अंगठी, बांगड्या, पैंजण, मनगटावरचा काळा दोरा, घड्याळ लगेच काढा. घोणशीची सूज आली की हेच दागिने मांसात रुततात. बांगड्या फोडायला बायका कचरतात, विशेषतः नव्या सुना. फोडा. बांगड्या परत भरता येतील.

दोरी घट्ट बांधायची नाही. घोणशीचं किंवा नागाचं विष एकाच जागी कोंडलं तर तिथलं मांस सडतं, आणि रक्त बंद झाल्याने हात-पाय कापायची पाळी येते. कुणी आधीच आवळून बांधली असेल तर रस्त्यात झटक्यात सोडू नका, डॉक्टरांसमोर सोडा. ब्लेडने चिरायचं नाही, तोंडाने चोखायचं नाही, जखम चोळून धुवायची नाही, बर्फ नको, मिरची नको, दारू तर नकोच. चालवत नेऊ नका. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर ठेवा.

गाडी कुठली? १०८ ला फोन लावा, ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि पैसे लागत नाहीत. पण वाडी आडबाजूला असेल आणि गाडी यायला वेळ लागणार असेल तर मिळेल ते वाहन घ्या. मोटारसायकल असली तरी चालते. पेशंटला मध्ये बसवा आणि मागे एकाने घट्ट धरून बसा. कोयनानगरच्या पलीकडच्या वाड्यांतून कराड गाठायचं तर दीड-दोन तास सहज जातात, म्हणून वाटेवरच्या आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात औषध आहे का हे निघतानाच फोन करून विचारा.

एक गोष्ट आपल्या घरांत खास घडते, म्हणून मोकळेपणाने लिहिते. रात्री घरात बाईला साप चावला आणि मालक बाहेरगावी असतील, तर ते येईपर्यंत, किंवा दीर उठेपर्यंत, किंवा "एवढ्या रात्री कुणाच्या गाडीवर बसून जायचं" म्हणून थांबलं जातं. मांडीला किंवा कमरेजवळ चावलं असेल तर लाजेने नेमकी जागाही सांगत नाहीत. जीव वाचवायला परक्याच्या गाडीत बसण्यात काही गैर नाही. बरोबर सासूबाईंना घ्या, शेजारच्या आपांना घ्या, पण निघा. गरोदर असाल तरी औषध घ्यायचंच असतं, ते टाळू नका.

दवाखान्यात

सरकारी दवाखान्यात हे औषध मोफत मिळतं. सांगलीला वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, साताऱ्याला क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय ही मोठी ठिकाणं. कराडला उपजिल्हा रुग्णालय आणि कृष्णा रुग्णालय आहे. पण पहिला डोस जवळच्या ठिकाणी मिळत असेल तर तिथेच घ्या. छोट्या दवाखान्यातून "पुढे न्या" सांगितलं, तर नम्रपणे विचारा, "विषाची लक्षणं असतील तर इंजेक्शन सुरू करून पाठवता का?" उपचारपद्धतीत तेच अपेक्षित आहे.

सुरुवातीला ८ ते १० बाटल्या एकदम देतात. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतक्याच. हे ऐकून आई-बाप घाबरतात, "एवढ्याशा जिवाला दहा?" पण सापाने मूल बघून विष कमी सोडलेलं नसतं. औषधाची कधी रिॲक्शन येते, अंगावर गांधी उठतात, थंडी वाजते, दम लागतो. त्यावर इंजेक्शन असतं आणि डॉक्टर ते जवळ ठेवूनच बसतात. रिॲक्शन आली म्हणून औषध बंद करून पेशंट घरी नेणं, हा वेडेपणा कुणी करू नये.

मण्यार आणि नागाच्या पेशंटबद्दल अजून एक सांगणं फार जरुरी आहे. विष चढल्यावर माणूस डोळे उघडत नाही, हात हलवत नाही, बोलावलं तर काही उत्तर नाही. बघणाऱ्याला वाटतं, इन्ना लिल्लाहि… सगळं संपलं. पण हृदय चालू असतं, आणि कित्येकदा त्याला आजूबाजूचं ऐकूही येत असतं. स्नायू बंद पडलेत, मेंदू नाही. श्वास देणाऱ्या मशिनवर ठेवलं, मशिन येईपर्यंत रबरी पिशवीने हवा देत राहिलं, तर असे पेशंट काही दिवसांनी उठून बसतात. म्हणून डॉक्टर सांगत नाहीत तोवर आशा सोडून नेऊ नका, आणि पेशंटच्या कानाशी रडारड, मय्यतीची बोलणी करू नका. तो ऐकतोय.

शाळेचा प्रश्न

नोव्हेंबर २०१९ मध्ये केरळच्या वायनाड जिल्ह्यात, सुलतान बत्तेरीच्या एका सरकारी शाळेत पाचवीतल्या दहा वर्षांच्या मुलीला वर्गातच साप चावला. वर्गात भोक होतं, पाय तिथे गेला. मुलं ओरडून सांगत होती, पण दवाखान्यात न्यायला वेळ गेला, पुढेही वेळ गेला, आणि ती मुलगी वाचली नाही. शिक्षकावर कारवाई झाली. ती बातमी वाचून आम्हा शिक्षकांमध्ये फार बोलणं झालं. मूल म्हणालं काही तरी चावलं, तर "बस खाली, काही नाही" म्हणायचा हक्क कुठल्याच शिक्षकाला नाही. पालकांची वाट न बघता मूल दवाखान्यात न्यायचं, फोन वाटेतून करायचा. पालकसभेला याल तेव्हा शाळेला विचारा, वर्गाची भोकं बुजवलीत का, संडासाच्या मागचं गवत काढलंय का, आणि शाळेत १०८ नंबर कुठे लिहिलाय. मदरशाच्या कमिटीलाही हेच विचारा. तिथे तर मुलं रात्री ओळीने जमिनीवर झोपतात.

घरात आणि घराबाहेर

सगळ्यात स्वस्त इलाज मच्छरदाणी. डासांसाठी आणली तरी मण्यारीलाही अडवते, फक्त कडा गादीखाली नीट खोचायला हव्यात. जमते त्यांनी खाटेवर झोपावं, पण पांघरूण जमिनीवर लोंबू देऊ नये. झोपायच्या आधी अंथरूण झटकायची सुन्नत आपल्याला लहानपणीच शिकवलेली असते, माघारी बिछान्यावर काय येऊन बसलंय हे माणसाला ठाऊक नसतं म्हणून. सांगली-साताऱ्याच्या पावसाळ्यात या सुन्नतीचा अर्थ लगेच समजतो.

कोंबड्यांचं खुराडं आणि बकऱ्यांचा कडबा झोपायच्या खोलीला लागून ठेवू नका. बकरी ईदच्या आधी महिनाभर चाऱ्याचे भारे दारात पडतात, तिथे उंदीर होतात. सरपण आणि गोवऱ्या भिंतीपासून दूर रचा, काढताना हात घालण्याआधी काठीने हलवा. मोरीच्या भोकाला जाळी बसवा. फज्र आणि इशाला मस्जिदीत जाताना बॅटरी घ्या, मोबाइलची असली तरी चालेल, आणि पाय जरा आपटत चाला. सापाला आवाजापेक्षा जमिनीची थरथर आधी कळते आणि तो स्वतःच बाजूला होतो. मस्जिदीबाहेर रात्रभर राहिलेल्या चपला-बूट झटकून घाला.

शब-ए-बरातच्या आधी पोरं कब्रस्तान साफ करायला जातात. काम सवाबचं, पण उघड्या पायांनी आणि हाताने गवत उपटायचं नाही. गमबूट, जाड हातमोजे आणि विळ्याआधी लांब काठी. जुन्या कबरी खचून पडलेल्या खड्ड्यांत साप असतातच. शेतपंपाची लाईट रात्रीची असते, त्यामुळे उसाला पाणी द्यायला रात्री जावं लागतं, तिथेही गमबूट हवेत. गमबुटाला लागणारे पैसे आणि एका दिवसाची मजुरी यांत फार फरक नाही, तरी शेतमालक मजुरांना ते देत नाहीत, हे मला खटकतं.

२००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आपण पाहिलेत. पाणी चढलं की साप कोरड्या जागेकडे येतात, म्हणजे आपल्याच माळ्यावर आणि कपाटात. पूर ओसरल्यावर घर उघडाल तेव्हा गाद्या, भांडी, गाळ हाताने उचलू नका, आधी काठीने आणि फावड्याने हलवा, आणि मुलांना त्या दिवशी घरात आणू नका.

विंचवाचं थोडक्यात. काळा मोठा विंचू दुखवतो, पण जास्त घातक लहान लाल विंचू. त्याने लहान मुलाला फार घाम येऊ लागला, उलट्या झाल्या, हात-पाय गार पडले तर तो हृदयावरचा मामला आहे, नुसती वेदना नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या साध्या गोळीने असे पेशंट वाचवता येतात हे जगाला दाखवलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी डॉक्टरांनीच द्यायची. आपलं काम तिथपर्यंत पोचवायचं.

कागदपत्रांचं

देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातली बहुतेक घरातच किंवा रस्त्यात गेली, म्हणून सरकारी नोंदीत आलीच नाहीत. २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्मे करण्याचा आराखडा जाहीर केला आणि प्रत्येक दंशाची नोंद करा असं राज्यांना कळवलं. नोंद करण्याचं काम आपल्याकडूनही व्हायला हवं.

अल्लाह न करो, पण घरात असा मृत्यू झाला तर आपण दफनाची घाई करतो. शवविच्छेदन नको म्हणून पोलिसांना कळवतच नाही. दुःखात हे समजू शकतं. पण नंतर त्या बाईच्या, मुलांच्या हातात मृत्यूचं कारण सांगणारा एकही कागद राहत नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश आणि विंचूदंश धरलेले आहेत. सातबारा नावावर असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातली आणखी एक व्यक्ती, वय १० ते ७५, मृत्यू झाल्यास २ लाख रुपये. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यायचा असतो. सातबारा, वारसाची नोंद, मृत्यूचा दाखला, पोलिसांचा पंचनामा आणि वैद्यकीय अहवाल लागतो. म्हणून दफनाआधी सरकारी डॉक्टरांना आणि पोलीस पाटलांना कळवा. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी राजीव गांधी विद्यार्थी अपघात योजना वेगळी आहे, तिची चौकशी मुख्याध्यापकांकडे करा. ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, जे दुसऱ्याच्या उसात कोयता चालवतात, त्यांना शेतकऱ्यांच्या योजनेतून काही मिळत नाही. आपल्या समाजात असे लोक बरेच आहेत. ग्रामसभेत हा प्रश्न कुणीतरी उचलायला हवा, आणि तो लेखी द्यावा, म्हणजे इतिवृत्तात येतो.